टाकीचा घुडघुडाट पाण्याचा नसतो, हवेचा असतो

माशांच्या टाकीचा आवाज होतो म्हणून बोलावणारे लोक आधी पंप दाखवतात. "भाऊ, हा पंप बदलून द्या, रातभर झोप नाही येऊन राहिली." पंप मी बघतो, पण कान मागच्या कोपऱ्यातल्या उभ्या पाइपाला लावतो. बहुतेक घरी पंप बिचारा बारीक गुणगुणत असतो. खरा गोंधळ घालतो तो वरच्या टाकीतलं पाणी खालच्या सम्पमध्ये, म्हणजे स्टँडखालच्या फिल्टरच्या टाकीत, नेणारा पाइप. तिथून पंप ते पाणी परत वर चढवतो.

मी वरुड-मोर्शीकडच्या संत्र्याच्या पट्ट्यात ठिबक आणि मोटारपंपाची फिटिंग करतो. मासे पाळायचा नाद नंतर लागला. पण पाइपातली हवा काय काय तमाशे करते ते बागेतच पाहिलेलं. मेन लाइनला जिथे उंचवटा येतो तिथे एअर व्हॉल्व्ह बसवला नाही, तर हवा अडकते, पाइप धडधडतो आणि शेवटच्या झाडाला पाणी पोचत नाही. काचेच्या टाकीतलं दुखणं हेच आहे, फक्त पाइप एक इंची आहे आणि तो तुमच्या उशापासून सहा फुटांवर आहे.

पाइप पाण्याने पूर्ण भरलेला असेल तर तो गप्प असतो. पाइपात बहुतेक हवाच असेल आणि पाणी आतल्या भिंतीला धरून पातळ थराने उतरत असेल, तर तोही जवळपास गप्प असतो. आवाज होतो तो मधल्या अवस्थेत, म्हणजे पाणी हवेचा गोळा ओढून नेतं, थोडं खाली गेल्यावर तो गोळा वर यायला धडपडतो आणि मागचं पाणी त्याच्यावर आदळतं तेव्हा. म्हणून आवाज बंद करायचे रस्ते दोनच. एक तर हवेला जायला-यायला स्वतःची वाट द्या, नाही तर पाइपातून हवा पूर्ण हाकलून द्या. उभ्या पाइपाचं पुढचं सगळं काम या दोन रस्त्यांपैकी एकाचं आहे.

आधी कान लावा

ठिबकच्या १६ मिमी नळीचा हातभर तुकडा घ्या. एक टोक कानाला, दुसरं टोक एकेका जागेजवळ फिरवा: उभ्या पाइपाचं टोपण, ओव्हरफ्लोच्या बॉक्सचे (टाकीतलं पाणी ज्यातून खाली जातं त्या कोपऱ्यातल्या कप्प्याचे) दाते, सम्पमधलं पाइपाचं तोंड, पंप, स्टँडची फळी. खोलीत सगळे आवाज एकात एक मिसळतात, या नळीने ते सुटे होतात. पंखा आणि कूलर बंद करून हे करा.

थांबून थांबून घुडघुड येत असेल तर दोष उभ्या पाइपात. सलग धो-धो असेल तर पाणी उंचावरून पडतंय. खालून बुडबुड येत असेल तर पाइपाचं सम्पमधलं टोक चुकीच्या खोलीवर आहे. आणि 'ऽऽम्' असा एकसुरी आवाज फळीला हात लावल्यावर बोटांना जाणवत असेल, तर तो पंपाचा. दर दोन-चार मिनिटांनी एक मोठा घोट घेतल्यासारखा आवाज येऊन मग शांतता होत असेल, तर पाइप मध्येच भरतोय आणि मध्येच सुटतोय. त्याचा इलाज खाली टोपणाच्या भोकात आहे.

पाणी कमी करा, फुकटात अर्धा आवाज जातो

आपल्याकडे पाच एचपीने भागत असलं तरी साडेसातची मोटार टाकायची सवय आहे. टाकीच्या पंपातही लोक तेच करतात. खोक्यावर ३००० लिटर लिहिलेलं असतं, ते शून्य उंचीचं. चार फूट वर चढवलं की त्यातलं बरंच गळून जातं. तरीही जे उरतं ते कितीतरी घरांत गरजेपेक्षा जास्त असतं.

मोजायला बादली पुरे. सम्पमध्ये पडणाऱ्या पाइपाखाली बादली धरा. १० लिटर ३० सेकंदांत भरले तर तासाला १२०० लिटर. आता टाकी बघा. ४ फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टाकीत कडेपर्यंत सुमारे २५५ लिटर मावतं. वाळू, दगड आणि वरची रिकामी कडा सोडली की दोनशेच्या आसपास उरतं. सम्पमधून तासाला तीन ते पाच वेळा पाणी फिरलं की घरच्या गोड्या पाण्याच्या टाकीचं काम भागतं, म्हणजे ६०० ते १००० लिटर. त्याहून जास्त फिरवून माशांना काही मिळत नाही, पाइपाला मात्र तोंड फुटतं.

पंप मोठा असेल तर बदलायची गरज नाही. वर जाणाऱ्या पाइपावर टी (तीन तोंडांचा जोड) टाकून एका बाजूला कॉक लावा आणि जास्तीचं पाणी सम्पमध्येच परत सोडा. किंवा पंपाच्या पुढे, निघण्याच्या बाजूला, कॉक थोडा आवळा. शोषण्याच्या बाजूला कधीच आवळू नका. तिथे आवळलं की पंप उपाशी राहून खडखडतो, हे विहिरीवरच्या मोटारवाल्याला सांगावं लागत नाही.

दात्यांवरून पडणारं पाणी

ओव्हरफ्लोचा बॉक्स म्हणजे टाकीच्या कोपऱ्यात काचेने किंवा ॲक्रिलिकने वेगळा केलेला उभा कप्पा. टाकीतलं पाणी त्याच्या दात्यांवरून आत उतरतं. आत उभा पाइप आखूड असेल तर कप्प्यातली पातळी फार खाली राहते आणि पाणी सहा-आठ इंचांवरून कोसळतं.

आमच्या मायला घरात पाणी पडल्याचा आवाज आला की गच्चीवरची टाकी भरून वाहतेय असंच वाटतं. ती अंधारात उठून मोटारीचं बटण बघून येई. "काऊन रे, मोटर चालूच ठेवली का?" या एका वाक्यासाठी मी तो पाइप उंच केला.

उपाय सोपा आहे. उभा पाइप इतका उंच करा की कप्प्यातली पातळी दात्यांच्या खाली दीड-दोन इंचांवर येईल. आवाज लगेच निम्म्याच्या खाली जातो. एकदम समान पातळीवर नेऊ नका. मग वरचा तवंग ओढला जात नाही आणि मासळीची पिल्लं, गोगलगायी सहज पार होतात. पाइप उंच करताना वरचा जोड सोल्यूशन न लावता नुसता दाबून बसवा. कप्प्यात तो पाण्यातच उभा असतो, थेंबभर गळला तरी गळलेलं पाणी त्याच पाइपातून जातं. पुढे पाव इंच वर-खाली करायची वेळ येतेच.

हवेला वाट देणारा पाइप

कप्प्याच्या तळाला एकच भोक असेल तर हीच रचना करा. ती रिचर्ड ड्यूर्सो या अमेरिकन हौशी माणसाच्या नावाने ओळखली जाते. तिला लागतं ते सगळं तालुक्याच्या हार्डवेअर दुकानात मिळतं: एक टी, एक एल्बो (काटकोनात वळणारा जोड), एक टोपण आणि पाइपाचे तुकडे.

उभ्या पाइपाच्या डोक्यावर टी बसवा, तिचा एक सरळ फाटा खाली पाइपात आणि दुसरा वर आकाशाकडे. वरच्या फाट्यावर टोपण. आडव्या फाट्यावर एल्बो, त्याचं तोंड खाली वळवलेलं. आता पाणी पृष्ठभागाखालून एल्बोत शिरतं, म्हणून शिरताना हवा ओढत नाही. आणि पाइपाला जी हवा लागते ती टोपणाला पाडलेल्या बारीक भोकातून मिळते. पाणी एका दाराने, हवा दुसऱ्या दाराने. शक्य असेल तर डोक्यावरची टी पाइपापेक्षा एक माप मोठी घ्या, म्हणजे एक इंची पाइपावर सव्वा इंची टी, मधे दोन मापं जोडणारा रिड्यूसर. मोठ्या पोकळीत पाणी घाईने वळत नाही.

सगळा जीव टोपणाच्या भोकात आहे. २ मिमीपासून सुरुवात करा. भोक लहान पडलं तर पाइप हवा मिळत नाही म्हणून भरून जातो, सायफन धरतो (म्हणजे भरलेल्या पाइपातलं उतरतं पाणी आपल्या वजनाने मागचं पाणी ओढतं), कप्पा भसकन रिकामा करतो, मग हवा खातो आणि सुटतो. दर दोन-चार मिनिटांनी येणारा तो घोट हाच. भोक फार मोठं झालं तर टोपणातून हवेचा सुंईऽ असा आवाज येतो. पाडलेलं भोक लहान करता येत नाही, म्हणून मी टोपणात भोक पाडून एअरपंपाची साधी ४ मिमी नळी घट्ट बसवतो आणि तिच्या टोकाला एअरपंपाचाच छोटा प्लास्टिकचा कॉक लावतो. ठिबकवाल्यांनी मायक्रोट्यूब वापरावी, पंच तर तुमच्या खिशात असतोच. कॉक पूर्ण उघडा, मग हळूहळू आवळत न्या. एका जागी घुडघुड थांबते आणि पातळीही हलत नाही. तिथेच सोडा. नळीचं टोक पाण्याच्या वर राहील असं वळवा, पाण्यात बुडालं तर सगळी कसरत वाया.

या रचनेची मर्यादा आहे. एक इंची पाइपातून तासाला हजारेक लिटरपर्यंत ती शांत राहते असा माझा अनुभव. त्यापुढे जायचं असेल तर दीड इंची पाइप हवा, किंवा पुढची रचना.

मापाबद्दल एक गोष्ट दुकानात जाण्याआधी लक्षात ठेवा, कारण गावात शेतीचा पाइप हाताशी असतो आणि तोच जोडायचा मोह होतो. शेतीचा पीव्हीसी पाइप मिलिमीटरमध्ये मिळतो, ३२ मिमीचा पाइप म्हणजे बाहेरून ३२ मिमी. घरच्या नळाचा एक इंची यूपीव्हीसी बाहेरून ३३.४ मिमी असतो. आणि एक इंची सीपीव्हीसी, तो पिवळट पाइप, बाहेरून २८.६ मिमी. तिघांनाही लोक 'एक इंची'च म्हणतात. ३२ चा पाइप ३३.४ च्या फिटिंगमध्ये सैल बसतो, वर सोल्यूशन ओतून तो घट्ट झाल्यासारखा वाटतो आणि पुढे कधीतरी रात्री सुटतो. पाइप आणि फिटिंग एकाच जातीचं घ्या. दुकानदार "चालते ना भाऊ" म्हणाला तरी हातात बसवून बघा.

हवा पूर्ण हाकलणारा पाइप

कप्प्याला दोन भोकं असतील तर याच्याइतकं शांत दुसरं काही नाही. एक पाइप पूर्ण भरून सायफनवर चालतो, दुसरा त्याच्यापेक्षा उंच उभा असतो, आणीबाणीसाठी. बाहेरचे हौशी लोक याला हर्बी म्हणतात. तीन पाइप असतील तर त्या पद्धतीला बीनॲनिमल म्हणतात: एक पूर्ण भरलेला, एक हवेची वाट असलेला थोडं पाणी नेणारा, आणि एक कोरडा. दोन पाइपांवर काम भागतं. नवीन टाकी बनवत असाल आणि काच पाडायचीच असेल, तर तीन भोकं पाडून घ्या. तळाची काच टफन असेल तर तिला भोक पडत नाही, ती फुटते, म्हणून टाकी बनवणाऱ्याला आधीच सांगा.

सायफनच्या पाइपावर खाली, हात पोचेल अशा जागी, व्हॉल्व्ह लागतो. एक इंची भरलेला पाइप तीन फुटांच्या उतारावर तासाला तीन हजार लिटरसुद्धा सहज ओढतो. तुमचा पंप देतो हजार. म्हणून व्हॉल्व्हने त्याला आवळून दोघांचा हिशोब जुळवायचा. गेट व्हॉल्व्ह उत्तम, कारण त्याची चकती आट्या-आट्याने उतरते. बॉल व्हॉल्व्ह पाव फेऱ्यातच बंद होतो, बारीक जुळणी अवघड. पण गावात गेट व्हॉल्व्ह मिळतो तो पितळेचा किंवा गनमेटलचा. त्यातलं तांबं झिंगे आणि गोगलगायींना मारक आहे, खाऱ्या पाण्याच्या टाकीत तर तो अजिबात नको. प्लास्टिकचा गेट व्हॉल्व्ह मागवता आला तर मागवा. नाही तर प्लास्टिकचाच बॉल व्हॉल्व्ह घ्या, त्याचा दांडा लांब करा आणि केसाएवढं केसाएवढं सरकवा.

जुळवायची रीत अशी. व्हॉल्व्ह पूर्ण उघडा आणि पंप चालू करा. पाइप सुरुवातीला खळखळेल, हवा बाहेर फेकेल. तो शांत झाला की व्हॉल्व्ह थोडा आवळा आणि हात बाजूला घेऊन पाच-दहा मिनिटं थांबा. इथे घाई करणारे रात्रभर बसतात, कारण पातळी सावकाश सरकते आणि ते प्रत्येक मिनिटाला कॉक फिरवतात. कप्प्यातली पातळी सायफनच्या तोंडावर तीन-चार इंच राहिली पाहिजे. त्याहून कमी असेल तर भोवरा होऊन हवा आत जाते आणि सुर्रकन आवाज येतो. पातळी चढत चढत दुसऱ्या पाइपाच्या काठाला लागून त्यातून करंगळीपेक्षा बारीक धार गेली की थांबा. ती धार पातळी स्थिर धरते. बॉल व्हॉल्व्हवर काम करणाऱ्याला तर तिचाच आधार. व्हॉल्व्हच्या दांड्याची जागा मार्करने खूण करून ठेवा, घरात पोरं असतात.

दुसरा पाइप सायफनच्या मापाचा किंवा त्याहून मोठा हवा, आणि त्यावर व्हॉल्व्ह नको. सायफनच्या तोंडात एखादं पान किंवा गोगलगाय अडकली तर सगळं पाणी त्या एका पाइपाने जायचं आहे. त्याचं सम्पमधलं टोक मी पाण्याच्या वर चार बोटं ठेवतो. बारीक धार सम्पच्या काचेला धरून उतरते, ऐकू येत नाही. पण सायफन तुंबला आणि पूर्ण धार आली की तो इतका वाजतो की झोपलेला माणूस उठतो. हा एक आवाज मुद्दाम ठेवायचा.

खालचं टोक

सम्पमध्ये मुख्य पाइपाचं टोक पाण्याखाली साधारण एक इंच असावं. वर राहिलं तर शिंतोडे आणि धबधबा. पाच-सहा इंच खोल गेलं तर पाइपातली हवा बाहेर ढकलायला पाण्याला जोर पुरत नाही, सायफन धरायला वेळ लागतो आणि मोठमोठे बुडबुडे ढेकर दिल्यागत फुटतात. ड्यूर्सो पद्धतीच्या पाइपातून हवा पाण्यासोबत खाली येतच राहते. तिथे टोकाच्या वर, पाण्याच्या पातळीपेक्षा दोन इंच उंच, एक टी टाका आणि तिचं आडवं तोंड उघडं सोडा. हवा तिथूनच निघून जाते, खाली फक्त पाणी उतरतं.

कापडी फिल्टर-मोजा लावला तर उरलेला आवाजही दबतो, पण तो वेळेवर धुतला नाही की भरून वाहतो. मी स्पंजचा जाड तुकडा वापरतो.

येताना वाटेत आडवा पाइप ठेवू नका. स्टँडच्या मागून वळवताना एक-दीड फूट आडवा गेला की तिथे हवा दडून बसते. उतार द्या आणि ९० अंशाच्या एका एल्बोऐवजी ४५ चे दोन लावा.

पंपाची गुणगुण

पंप सम्पच्या काचेला टेकलेला असतो, सम्प फळीला, फळी पोकळ कपाटाला. मग पंपाचा एवढासा आवाज सगळं कपाट मोठा करून सांगतं. पंपाचे रबरी पाय हरवले असतील तर खाली स्पंज किंवा जुन्या मॅटचा तुकडा ठेवा. सम्पखालीही फोमची चटई. आणि पंपापासून वर जाणारा कडक पाइप थेट जोडू नका, मधे अर्धा-एक फूट मऊ सिलिकॉनची किंवा जाड पारदर्शक नळी टाका, दोन्ही टोकांना क्लिप. स्टँडला पाइप बांधला असेल तर त्या जागी रबराची पट्टी घाला.

जुना पंप खडखडायला लागला तर तो उघडून इम्पेलर (आतलं फिरणारं पातं) काढा. लोहचुंबकावर चुना आणि शेवाळ चिकटलेलं असतं. किराण्यातलं लिंबूसत्व, दोन चमचे लिटरभर कोमट पाण्यात, तासभर बुडवून ब्रशने घासा आणि साध्या पाण्याने धुवा. दांडी झिजली असेल तर नुसता इम्पेलर-दांडीचा संच बदला. कूलरचा पंप टाकीत टाकायचा मोह मात्र आवरा. तो स्वस्त आहे, पण आवाज करतो, आणि त्याचा करंट पाण्यात उतरला तर त्याच पाण्यात माणसाचा हात जाणार आहे.

इन्व्हर्टरवर पंप जास्त गुणगुणतो अशी तक्रार उन्हाळ्यात हमखास येते. त्यात पंपाचा दोष नाही. स्वस्त इन्व्हर्टर चौकोनी लाटेची वीज देतो, तिच्यावर पंखासुद्धा घूं करतो. प्युअर साइन वेव्हच्या इन्व्हर्टरवर ही गुणगुण राहत नाही. नवीन पंप घ्यायचाच असेल तर डीसी पंप महाग पण शांत, आणि वेग कमी-जास्त करता येतो.

लाइन गेली आणि आली

आवाज जुळला म्हणून काम संपलं असं समजू नका. लाइन जाते तेव्हा काय होतं ते जागेपणी, दिवसा बघा. पंप थांबला की टाकीतलं पाणी दात्यांच्या पातळीपर्यंत खाली येतं, आणि वर पाणी सोडणारं तोंड खोल असेल तर तेच उलटं सायफन होऊन आणखी पाणी ओढतं. ४ बाय दीड फुटाच्या टाकीत एक इंच पाणी म्हणजे सुमारे १४ लिटर. अडीच फूट लांब, एक फूट रुंद सम्पमध्ये एक इंच म्हणजे ६ लिटरच्या आत. म्हणजे वर दोन इंच उतरले तर खाली जवळजवळ पाच इंच चढतात. तेवढी रिकामी जागा सम्पमध्ये कायम असली पाहिजे.

सोडणारं तोंड पृष्ठभागाखाली इंचभरच ठेवा. त्या पाइपाला पाण्याच्या पातळीच्या किंचित खाली ३-४ मिमीचं भोक पाडा. पातळी भोकाखाली गेली की हवा शिरते आणि उलटं सायफन तुटतं. भोक पातळीच्या वर पडलं तर चालू पंपात तिथून पिचकारी उडते आणि तो एक नवा आवाज. शेवाळाने ते बुजतं, महिन्यातून एकदा सुई फिरवा. पाणी एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या चेक व्हॉल्व्हवर एकट्यावर भिस्त ठेवू नका. विहिरीतला फुटव्हॉल्व्ह कचरा अडकून कसा गळतो ते शेतकऱ्याला ठाऊक आहे, हाही तसाच गळतो.

मग बटण बंद, दहा मिनिटं थांबा, बटण चालू. सायफन मिनिट-दोन मिनिटांत हवा फेकून आपोआप धरलं पाहिजे आणि पातळी मार्करच्या खुणेवर परत आली पाहिजे. हे लागोपाठ काही वेळा करा. एकदाही अडखळलं तर खालचं टोक जास्त खोल आहे किंवा वाटेत हवा दडते आहे. दाबाच्या बाजूचे जोड, म्हणजे पंपापासून वरचे, याच्यानंतरच सोल्यूशनने पक्के करा आणि एक रात्र सुकू द्या.

आमच्या पाण्याची आणि उन्हाची गोष्ट

आमच्याकडचं बोअरचं पाणी जड. खाली अमरावती, अकोला, बुलढाण्याच्या पूर्णा खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात तर आणखी कठीण. शिंतोडे जिथे वाळतात तिथे पांढरी खपली धरते, आणि सगळ्यात आधी ती टोपणाच्या हवेच्या भोकावर धरते. चार महिने शांत असलेली टाकी अचानक घोट घ्यायला लागली तर काही बदलू नका, आधी ते भोक बघा. टोपण काढून लिंबूसत्वाच्या पाण्यात टाका. हे पाणी टाकीत मात्र जाऊ देऊ नका.

मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की टाकीतलं पाणी उडतं. वरच्या टाकीची पातळी दात्यांनी धरलेली असते, म्हणून घट सगळी सम्पच्या पंपाच्या कप्प्यात दिसते. ती इतकी उतरते की पंप पाण्यासोबत हवा ओढतो, कर्रकर्र वाजतो आणि टाकीभर बारीक बुडबुडे पसरतात. लोक याला पंप बिघडला म्हणतात. कप्प्याच्या काचेवर किमान पातळीची रेघ मारा आणि रोज सकाळी तिथपर्यंत पाणी टाका. उडतं ते नुसतं पाणी, क्षार मागेच राहतात, म्हणून भर घालायला गावातल्या आरओचं पाणी किंवा साठवलेलं पावसाचं पाणी बरं. बोअरचंच टाकत राहिलात तर पाणी दर आठवड्याला आणखी जड होत जातं.

आणि उन्हाळ्यात पूर्ण शांततेच्या मागे लागू नका. पाणी २५ अंशाला असेल तर त्यात लिटरमागे सुमारे ८.३ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशाला साडेसातच. घुडघुडणारा पाइप नकळत पाण्यात हवा मिसळत होता, तो तुम्ही बंद केला. त्याची भरपाई म्हणून सोडणारं तोंड थोडं वर वळवा, पृष्ठभाग हलता दिसला पाहिजे. मासे सकाळी वर येऊन तोंड उघडझाप करत असतील तर आवाज गेला खड्ड्यात, आधी पाणी हलवा.

ज्यांच्याकडे सम्पच नाही, नुसता वरचा फिल्टर आणि एअरपंप आहे, त्यांनी टाकी काठोकाठच्या एक इंच खालपर्यंत भरावी, पडणारं पाणी गप्प होतं. एअरपंप भिंतीला किंवा स्टँडला टेकवू नये, सुतळीने लटकवावा. आणि पाण्याच्या पातळीपेक्षा उंच लटकवावा, म्हणजे लाइन गेल्यावर नळीतून पाणी पंपात उतरत नाही.

स्टँडच्या कपाटाला दार लावून उरलेला आवाज आत कोंडायचा असेल तर दाराच्या कडेला फोमची पट्टी चिकटवा, पण मागची बाजू उघडी ठेवा. पूर्ण बंद कपाटात उन्हाळ्यात पंपाची गरमी पाण्यात उतरते आणि पावसाळ्यात प्लायवूड फुगतं. आतून थर्माकोल लावून पाहणारे पाहतात. त्याने आवाज फारसा कमी होत नाही आणि मागे झुरळं होतात.